मासळीच्या पाण्यावरची फुलं

ऑर्किड हा शब्द आमच्या भाईंदरच्या दोन खोल्यांत शिरला तो ह्यांच्या साहेबांमुळे. सत्तर सालच्या आसपासची गोष्ट. साहेब मुंबईतल्या एका ऑर्किड क्लबचे सभासद होते, म्हणून आमच्या ह्यांनाही व्हायचं होतं. तोवर आमच्या घरात तुळस सोडून कशालाच पाणी घातलं गेलं नव्हतं, आणि तिलाही मीच घालायची. ह्यांना हसायला हवं होतं, पण मी हसले नाही. क्लब म्हटल्यावर मीच आधी पाघळले. रत्नागिरीहून आल्यापासून समोरची मिठागरं बघून बघून जीव विटला होता.

मग आम्ही दोघंही नादाला लागलो. तीन रोपं विकत आणली. क्लबच्या छापील पुस्तिकेबरहुकूम कुंड्यांत कोळसा, विटांचे तुकडे आणि नारळाची सोडणं भरली. दर रविवारी गॅलरीत स्टुलं टाकून आम्ही त्या रोपांची मुळं न्याहाळत बसायचो. लग्न झाल्यापासून इतका वेळ शेजारी शेजारी कधी बसलो नव्हतो, तेवढं एक श्रेय मी त्या छंदाला देते. तिन्ही रोपं एकामागून एक कुजली. क्लबचा नियम असा, की स्वतः फुलवलेलं ऑर्किड प्रदर्शनात मांडेल त्यालाच सभासद करायचं. हे दोन दिवस जेवले नाहीत नीट. माणूस गेल्यासारखं तोंड करून बसले होते.

आमच्या दारावर भाईंदरजवळच्याच डोंगरी गावची एक ख्रिस्ती मावशी सुकट विकायला यायची. कुजकी रोपं बघून ती म्हणाली की असलं झाड आमच्या पडवीला टांगलेलं आहे, त्याला कुणी विचारतही नाही. पुढच्या रविवारी आम्ही बसने डोंगरीला गेलो. हातात पुस्तिका होतीच.

पडवीच्या वाशाला तारेने आंब्याचा ओंडका टांगला होता आणि त्यावरून हातभर लांबीचे चार घोस लोंबत होते, पांढऱ्यावर गुलाबी ठिपके असलेले. सीतेची वेणी म्हणतात ते गावठी ऑर्किड. आमच्या देखत मावशीने बोंबील साफ केले आणि ते धुतलेलं पाणी त्या ओंडक्यावर ओतलं. एवढीच मशागत. ह्यांनी पुस्तिका खिशात घातली, पण त्यातून काही शिकण्याची अक्कल आम्हा दोघांनाही नव्हती.

त्या फुलांचं एक ठरलेलं होतं. मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी गावाच्या वेशीवरच्या क्रूसापाशी प्रार्थना व्हायची आणि त्या दिवशी मावशी हे घोस कापून क्रूसाला वाहायची. तिच्या सासूच्या वेळेपासून ते चालत आलेलं होतं. आणि क्लबचं प्रदर्शन होतं नेमकं आदल्या दिवशी, शनिवारी. म्हणून शुक्रवारी आम्ही पुन्हा डोंगरीला गेलो आणि ह्यांनी एका दिवसापुरता ओंडका मागितला. मग मीही गळ घातली, गोड बोलून. शेवटी तिने तार सोडवली.

"न्या. पन आयतवारी सकाली फुलं पाह्यजे. क्रूसाची हायत ती."

शुक्रवारी संध्याकाळी ओंडका घरी आला तो बोंबलाचा वास घेऊन. असलं ध्यान मुंबईच्या साहेबलोकांत कसं न्यायचं? मी लग्नात मिळालेल्या गुलाबदाणीतून त्यावर सढळ हाताने गुलाबपाणी शिंपडलं. पानंसुद्धा पुसली.

प्रदर्शनात एकेका कुंडीपुढे लॅटिन नावांची पाटी आणि एकेका पाटीमागे ती घोकून आलेला माणूस. घरी माळी ठेवून स्वतः फक्त नावं पाठ करणारे हे बागवान! एका परीक्षकाने आमच्या ओंडक्याला नाक लावलं, डोळे मिटले आणि ह्या जातीला गुलाबासारखा दुर्मीळ सुवास असल्याचं वहीत टिपून घेतलं. दुसऱ्याने खत विचारलं. हे मान ताठ करून म्हणाले की परदेशातून मागवतो. मी तेव्हा पदराने तोंड झाकलं, हसू आलं म्हणून. आपणही त्याच पंक्तीला बसलोय, हे कळायला मला आणखी तासभर लागला.

पहिलं बक्षीस आम्हाला मिळालं. साहेबांनी ह्यांच्या पाठीवर थाप मारली आणि सभासदत्वाचं पत्र तिथल्या तिथे हातात दिलं. मग अध्यक्षांनी सांगितलं की क्लबच्या प्रथेप्रमाणे पहिल्या नंबरची फुलं कापून प्रमुख पाहुण्यांच्या बायकोला आणि समितीतल्या बायकांना द्यायची असतात. कात्री शोधायला लागले. फुलं फुलवणाऱ्यांच्या त्या भरल्या सभागृहात एकाकडेही कात्री नव्हती. माझ्या पर्समध्ये भरतकामाची होती. ते ह्यांना ठाऊक होतं आणि हे माझ्याकडे बघत होते.

फुलं कुणाची आहेत ते मला माहीत होतं. तेवढं एक वाक्य बोलायचं होतं, तेही मराठीत. मी पर्स उघडली आणि कात्री काढून दिली. चारी घोस कापले गेले. एका बाईने तर आपला घोस रुमालासारखा पर्सच्या कडीला बांधला.

रविवारी सकाळच्या बसमध्ये आम्ही काय सांगायचं ते ठरवत होतो. मावशी धुतलेलं लाल लुगडं नेसून दारात उभी होती, हातात फुलांसाठी ताट. मी म्हटलं, प्रवासात गळली हो सगळी. तिने ओंडका हातात घेऊन उलटा केला, वास घेऊन नाक मुरडलं आणि देठांच्या टोकांवरून अंगठा फिरवला.

"गलली न्हाय, बाय. कातरल्यात."

ती चिडेल, दोन शिव्या घालेल, असं वाटलं होतं. घातल्या असत्या तर फार बरं झालं असतं. पण कुणी ती फुलं उगाच कापेल हे तिच्या डोक्यातच येत नव्हतं. तिने थोडा विचार केला आणि विचारलं, "मंग कोनच्या देवाला वाह्यली?"

पत्र ह्यांच्या खिशात होतं. हे म्हणाले, "आहे एक. मुंबईचा."

मी त्यांना खोटं पाडलं नाही.

"मंग बरा झाला," मावशी म्हणाली. ज्या बाजूला मुंबई आहे असं तिला वाटत होतं तिकडे तोंड करून तिने छातीवर क्रूसाची खूण केली. ताटात अंगणातली सदाफुली खुडून घेतली. आणि निघण्याआधी आमच्यासाठी चहा टाकला, लांबून आलात म्हणून. तो आम्ही दोघांनी बशीत ओतून, शेवटच्या घोटापर्यंत प्यायला.