पडावावरचा छज्जा

मी एका फिरत्या दवाखान्याच्या गाडीवर नर्स आहे. गाडी एका ट्रस्टची. दिवाळीनंतर ऊसतोड सुरू झाली की सुरतेजवळ चलथाण आणि बारडोलीच्या बाजूला शेतांच्या कडेला तोडणी कामगारांच्या खोप्या उभ्या राहतात. त्या वस्तीला पडाव म्हणतात. आठवड्यातले चार दिवस आमची गाडी अशा पडावांवर जाते. सकाळी मला सुरतेतल्या गोडादऱ्याच्या नाक्यावरून घेतात, पुढे डॉक्टरबेन चढतात. गाडी चालवायला काका. ते काठियावाडचे, पन्नाशी उलटलेले, बोलायला कमी. मी त्यांच्याशी अर्धं गुजराती, अर्धं हिंदी बोलते. ते मला बेन म्हणतात.

नवी गाडी आली तेव्हा तिच्या एका बाजूला, वरच्या कडेला एक लांब डबा बसवलेला होता. हँडल फिरवलं की त्यातून जाड कापडाचं छत बाहेर येतं, पुढच्या दांडीतून दोन पाय खाली सोडायचे, झाली सावली. कागदावर त्याला ऑनिंग लिहिलं होतं. आम्ही छज्जा म्हणायला लागलो.

त्याआधी बायका लेकरं घेऊन उन्हात उभ्या राहायच्या आणि रांग लांब दिसली की परत जायच्या, मग येते म्हणून. त्या काही परत येत नसत. छज्जा आल्यापासून बसायला लागल्या. गर्भारणी खाली चवाळ्यावर पाय पसरून बसायच्या, त्यांचा रक्तदाब मला तिथंच घेता यायचा. मला त्या छज्ज्याचं फार कौतुक होतं.

बसवून देणाऱ्या माणसानं दोन-तीन गोष्टी बजावल्या होत्या. पाय नुसते टेकवून ठेवायचे नाहीत, दोऱ्यांनी ताणून लोखंडी खुंट्या ठोकायच्या. वारा असेल तेव्हा उघडायचा नाही. उघडा ठेवून लांब जायचं नाही. खुंट्या, दोऱ्या आणि हातोडा एका पिशवीत दिले होते. पहिल्या दोन-तीन दिवसांत काकांनी खुंट्या ठोकल्या. काळी जमीन वाळून दगड झालेली, एकेक खुंटी आत जायला वेळ लागायचा आणि काढायला त्याहून जास्त. एका पडावावर आम्ही अडीच तास थांबणार, त्यातला अर्धा तास खुंट्यांत जायचा. हळूहळू ती पिशवी मागच्या सीटखाली गेली आणि तिच्यावर सलाइनची खोकी आली. हे काकांनी केलं, मी पाहिलं. हिवाळाभर काही झालंही नाही.

थंडी सरत आलेली होती. बारडोलीच्या अलीकडच्या एका पडावावर आम्ही उभे होतो. भोवतीचा ऊस तुटून गेलेला, लांबपर्यंत सगळं मोकळं रान. सकाळी गाडीची स्वतःची सावली पश्चिमेला पडते, म्हणून काका नेहमी छज्ज्याची बाजू पश्चिमेला करून गाडी लावायचे. छज्ज्याची आणि गाडीची मिळून सावली मोठी व्हायची. त्यात चूक आहे असं तोवर कोणालाच वाटलं नव्हतं. पण बारा वाजल्यानंतर वारा समुद्राकडून येतो, म्हणजे पश्चिमेकडूनच.

त्या दिवशी तो जरा आधीच सुटला. कापड खालून फुगायचं, पुन्हा बसायचं. फुगलं की पुढचे पाय जमिनीवरून बोटभर उचलले जायचे आणि टपकन खाली यायचे. डॉक्टरबेननी मोबाइलवर वारा बघितला. त्यावर सुरतेचा आकडा होता, साधाच. काका हँडल घेऊन आले आणि म्हणाले, बेन, बंद करतो आता. रांगेत अजून दहा-बाराजणी होत्या. दोघींच्या मांडीवर तान्ही मुलं होती, त्यातल्या एकाला ताप होता. छज्जा बंद केला तर या उठून जाणार हे मला दिसत होतं.

मी म्हटलं, "दहा मिनिटं थांबा काका. एवढ्या बायका होऊन जाऊ द्या."

ते थांबले. हँडल हातात घेऊन गाडीला टेकून उभे राहिले.

दहा मिनिटंही झाली नसतील. रानातून पाचट उडवत एक झोत आला आणि कापड पोटातून वर उचललं गेलं. मी ओरडून बायकांना बाजूला केलं आणि दांडी धरायला धावले. ती माझी दुसरी चूक. दांडीला लोंबकळून वारा थांबत नाही. माझे पाय जमिनीवरून सुटले, तेवढ्यात काकांनी मला दंडाला धरून मागे ओढलं आणि स्वतः दांडीचा पाय पकडायला हात वर केला. दांडी वळली आणि तो लोखंडी पाय त्यांच्या मनगटावर बसला. मग अख्खा छज्जा उलटा होऊन गाडीच्या टपावर जाऊन पडला. एक आधार वाकला, कापड कडेनं हातभर फाटलं. लेकरं रडायला लागली. बाकी कोणाला लागलं नव्हतं.

काका खाली बसले होते. मनगट बघता बघता सुजलं. मी खोक्याचा पुठ्ठा कापून दोन्ही बाजूंनी लावला आणि पट्टी बांधली. ते माझ्याकडे बघत नव्हते, हाताकडे बघत होते. मुकादमाची जीप होती, तीत बसवून डॉक्टरबेन त्यांना बारडोलीला एक्स-रे काढायला घेऊन गेल्या. मला गाडीपाशी थांबावं लागलं. ऑफिसनं दुसरा ड्रायव्हर पाठवतो म्हणून सांगितलं, पण त्याला यायला दोन तास तरी लागणार होते.

टपावर कापड अजून फडफडत होतं. ते बघत उभी असताना एक बाई आली. चाळिशीची असेल, साक्रीकडची. आधी दोनदा पाठदुखीच्या गोळ्या घेऊन गेलेली. तिनं कुणाला विचारलं नाही. मागच्या शिडीवरून टपावर चढली आणि सगळ्यात आधी फडफडणाऱ्या कापडावर बसून घेतलं. मग तिथूनच मला म्हणाली, "ताई, वारा कथाईन येस ते आधी देखी ले. मंग गाडी उभी कर."

म्हणजे वारा कुठून येतो ते आधी बघ आणि मग गाडी लाव. आमच्या घरी आई हीच अहिराणी बोलायची. इतर कोणी सांगितलं असतं तर त्या वेळी मला झोंबलं असतं. तिचं ऐकून मी नुसती मान हलवली.

आणखी दोघीतिघी आल्या. त्यांनी कापड गुंडाळलं, वाकलेल्या आधारासकट लुगड्याच्या पट्ट्यांनी गाडीला आवळून बांधलं. काम झाल्यावर ती मला तिच्या खोपीकडे घेऊन गेली. तिची खोपी प्लास्टिकच्या कागदाची आणि बांबूंची, पण इतक्या वाऱ्यात ती नीट उभी होती. पश्चिमेची बाजू पार जमिनीपर्यंत खाली आणलेली, तिच्या काठावर मातीनं भरलेली पोती. दार पूर्वेला. छताचा एक कोपरा मुद्दाम खाली ओढलेला, म्हणजे वारा आत साठत नाही, निघून जातो. आणि प्रत्येक दोरी खुंटीला थेट बांधलेली नव्हती. मध्ये सायकलच्या जुन्या ट्यूबचा एक तुकडा होता. झोत आला की ट्यूब ताणायची, गेला की परत यायची. मी हात लावून पाहिलं. ताणीसन बांधं का फाटी जास, ती म्हणाली. ताणून बांधलेलं फाटतं.

मी तिला विचारलं, हे कोणी शिकवलं. तिनं सांगितलं की लग्नानंतर पहिल्या वर्षी तिची खोपी दोनदा उडाली होती, दुसऱ्यांदा आत पोर झोपलेलं होतं. पोराला काही झालं नाही. एवढंच सांगून ती पोळ्या करायला बसली.

काकांच्या मनगटाचं हाड मोडलं होतं. सहा आठवडे प्लास्टर. ऑफिसनं मला लिहून द्यायला सांगितलं, कसं झालं ते. डॉक्टरबेन म्हणाल्या, अचानक वारा आला असं लिही, वारा आलाच होता. मी तसं लिहिलं. मग तो कागद फाडला आणि दुसरा लिहिला. त्यात लिहिलं की ड्रायव्हरनं छज्जा बंद करायला सांगितलं होतं आणि मी थांबवलं. खुंट्या ठोकलेल्या नव्हत्या, हे आम्हा दोघांना माहीत होतं, हेही लिहिलं. ऑफिसचा निर्णय असा झाला की छज्जा काढूनच टाकायचा. मी साहेबांना जाऊन भेटले. रांगेतल्या बायकांचं सांगितलं आणि छज्जा ठेवून बघायला एक महिना मागून घेतला.

कापड लिंबायतजवळच्या एका ताडपत्री शिवणाऱ्याकडून सांधून घेतलं, आधार बदलून घेतला. बदली ड्रायव्हर तरुण होता, त्याला मी पहिल्याच दिवशी सांगितलं की गाडीची बंद बाजू पश्चिमेला. सकाळी ऊन समोरून यायचं, म्हणून पुढची दांडी खाली ठेवायचो. बायकांना वाकून आत यावं लागायचं, पण त्या यायच्या. ट्यूबचे तुकडे मी गोडादऱ्यातल्या सायकलवाल्याकडून आणले. खुंट्या तशाच कष्टानं जायच्या. तो अर्धा तास आम्ही वेळापत्रकात धरायला लागलो. दांडीला मी ओढणीची एक चिंधी बांधली. ती आडवी राहिली की रांगेत कोणीही असो, छज्जा बंद. नंतर असं तीनदा झालं. उरलेल्यांना आम्ही गाडीच्या आत उभं करून तपासलं. एकदा दोघीजणी निघून गेल्या. त्यातल्या एकीचा ताप मी दुसऱ्या दिवशी फोन करून विचारला.

काका परत आले तेव्हा हंगाम संपत आला होता. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, ट्यूब ओढून पाहिली. परतीच्या रस्त्यावर मी त्यांना म्हटलं, त्या दिवशी तुमचं ऐकायला हवं होतं.

"तमे ना पाडी, ने में बांध्युं नहोतुं," ते म्हणाले. तुम्ही नको म्हणालात आणि मी बांधलं नव्हतं. "बेउनुं सरखुं."

दोघांचं सारखं. त्यानंतर हा विषय आमच्यात निघाला नाही. त्यांचं मनगट अजून पुरतं वळत नाही. गिअर टाकताना ते खांदा पुढे घेतात.

पुढच्या हंगामात मी त्या पडावावर साक्रीच्या बाईला शोधलं. खोप्या होत्या, माणसं दुसरी होती. ती टोळी यंदा दुसऱ्या कारखान्याला गेली, असं मुकादमानं सांगितलं. कुठल्या, ते त्याला ठाऊक नव्हतं. मी तिच्यासाठी पाठीचा पट्टा नेला होता. तो तिथल्याच एका बाईला दिला आणि कसा बांधायचा ते दाखवलं.