अकरा ओंडक्यांच्या अडण्या

आमच्या लाकडाच्या गिरणीतले अकरा सागाचे ओंडके मी एका सकाळीत चोरीचे करून टाकले. चोरी न करता. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी एवढी अक्कल माझ्याकडे होती.

गिरणी सासऱ्यांनी उभी केलेली, पालघरहून मनोरकडे जाणाऱ्या रस्त्यावर. मी केळव्याची, नारळ-पोफळीत वाढलेली. सागातलं मला एवढंच कळलं, की ओंडक्यांची तोंडं चिखलाने माखलेली, तडकलेली, नि प्रत्येकाच्या एका तोंडावर कसलेसे ठोकल्याचे व्रण. सासरे तारापूरला गेले होते. तिथे वीजकेंद्राचं बांधकाम निघालं होतं, फळ्यांचं मोठं काम मिळायची आशा होती. इकडे मी करवतीवरच्या मिस्त्रींना सांगितलं, ती व्रणांची तोंडं कापून चकत्या काढा, हंडे-कळश्यांखाली छान अडण्या होतील. ते म्हणाले, शेठना येऊ द्या. मी मालकिणीचा आवाज काढला. लग्नाला तीनच महिने झाले होते, आवाजही नवाच होता.

ते व्रण म्हणजे जंगलखात्याच्या हातोड्याचा शिक्का. तो नसला तर माल चोरीचा, आणि चोरीच्या मालापायी गिरणीचा परवाना जातो. हे मला कळलं दोन दिवसांनी, फॉरेस्टरसाहेब ओंडके तपासायला आले तेव्हा. सासरे तोवर तारापूरहून परतले होते. खांद्यावरचा पंचा काढून नुसती त्याची घडी घालत राहिले, मोडत राहिले. ते बघवेना.

मी स्वयंपाकघरात धावले. हंडे बाजूला सारून अडण्या ओढून काढल्या, शिक्के त्यांच्यावर तसेच होते. दहाच निघाल्या. अकरावी मोठ्या मनाने शेजारच्या काकूंना दिली होती, ती त्यांच्या लोणच्याच्या बरणीखालून सोडवून आणली. मग पदर खोचून एकेक चकती ओंडक्यांना लावून बघत बसले. वलयं जुळायला हवीत, तडेही जुळायला हवेत. नाही जुळले की पुढचा ओंडका. साहेब उकिडवे बसून प्रत्येक सांध्यावरून बोट फिरवत होते. अकरावी चकती बसली तेव्हा त्यांनी हातोडा मागवला आणि नवे शिक्के मारले.

तारापूरच्या फळ्या पुढे आमच्याच गिरणीतून गेल्या. पण त्या दिवशी साहेब गेल्यावर मी मान खाली घालून उभी होते, तेव्हा सासरे म्हणाले,

“सूनबाई, इतकी वर्सं मी लाकडात हाय, पन असं जुळवून कुनी दाखवलं नाय. उद्यापासून माल उतरताना तू उभी राहायचं. करवतीकडे मात्र जायचं नाय.”