आठ वाजताचा नकार

मुलांनो,

गेल्या रविवारी तुम्ही फोनवर सांगितलं, की पहाटे चारला उठून, दोन तास गाडी चालवून, तुम्ही गरम हवेच्या फुग्यात बसायला गेलात आणि पायलटने एकदा आकाशाकडे बघून सगळ्यांना परत पाठवलं. मग त्या कंपनीबद्दल जी जाहीर तक्रार लिहिलीत ती मला वाचायला पाठवलीत. वाचली. इंग्रजी चांगलं आहे. दोन स्वल्पविराम चुकलेत. आणि त्या माणसाला तुम्ही भित्रा म्हटलं आहे, तेही चुकलं आहे.

त्यासाठी हे लिहिते आहे. आणखी एक कारण आहे, ते तुम्ही शेवटपर्यंत वाचलंत तर कळेल. मराठी वाचायला तुम्हाला वेळ लागेल. लागू द्या, मलाही लिहायला लागला.

तुमची आई तेव्हा बारावीत होती. वर्ध्यात व्यापाऱ्यांची एक संघटना होती आणि तिला पन्नास वर्षं पूर्ण होत होती. एका जिनिंग फॅक्टरीचे मालक तिचे अध्यक्ष. कार्यवाह तुमचे आजोबा. ते व्यापारी नव्हते, कॉलेजात कॉमर्स शिकवत. पण संघटनेला पत्रं लिहिणारा आणि सभेनंतर खुर्च्या मोजणारा माणूस लागतो, आणि आजोबांना दोन्ही आवडत असे. अध्यक्षांनी कुठेतरी जाहिरातीत गरम हवेचा फुगा पाहिला होता. नागपूरवाल्यांकडे अजून तो आला नाही, एवढं कळल्यावर चर्चा संपली. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात एका रविवारी सकाळी तो मैदानावरून उडणार, आणि त्यात प्रमुख पाहुण्यांबरोबर कार्यवाह बसणार, असं पत्रिकेवर छापून आलं. आजोबांनी त्या पत्रिका माझ्या माहेरीही पाठवल्या.

पायलट आमच्याकडे उतरला. हॉटेलात कोणाला इंग्रजी येत नव्हतं आणि त्याला इंग्रजीशिवाय फारसं काही येत नव्हतं. तो दक्षिणेतला, हवाई दलातून निवृत्त झालेला, साठीच्या आतबाहेरचा किडकिडीत गृहस्थ. हिंदी त्याला येत होतं, पण त्यात फक्त हुकूम होते. मी शाळेत इंग्रजी शिकवत असल्यामुळे दुभाषी म्हणून माझी नेमणूक झाली. मला कोणी विचारलं नाही.

पहिल्याच दिवशी त्याने विचारलं, की सकाळचा वारा इथे किती वाजता सुटतो. अध्यक्ष हसले. वर्ध्यात वारा असता तर आम्ही पंखे कशाला घेतले असते, असं त्यांचं म्हणणं पडलं. दुसरे एक सभासद म्हणाले, की वारा पोळ्याच्या सुमाराला असतो. पायलटने नागपूरच्या हवामानखात्याला फोन लावला, त्यांनी नागपूरचं सांगितलं.

मग संध्याकाळी मी त्याला माझी वही दाखवली.

ती वही कसली ते सांगते. फेब्रुवारी-मार्चमध्ये मी गच्चीवर धुवट धोतर पसरून त्यावर कुरडया आणि पापड वाळत घालत असे, आणि ते कधी घातले, कधी उलटले, कधी उचलले ते लिहून ठेवत असे. तुम्ही हसाल. आजोबाही हसत, गच्चीला ते वेधशाळा म्हणत. पण पाच वर्षांच्या नोंदी होत्या. साडेआठ, कोपरा हलला. नऊ वीस, दोन विटा ठेवल्या. दहा, वरवंटा ठेवला. दहा वीस, पापड शेजाऱ्यांच्या अंगणात. जवळपास रोज तेच.

पायलट ती वही घेऊन तासभर बसला. एकदाही हसला नाही. आपल्या डायरीत काही उतरवून घेतलं आणि मग चहा पिता पिता मला समजावून सांगितलं. रात्रभर जमीन गार होते आणि तिच्याजवळची हवा जड होऊन निपचित पडून राहते. ऊन चढलं की तुमची काळी जमीन तव्यासारखी तापते आणि पोळीला येतात तसे हवेला फुगवटे येतात. इथून एक वर, तिथून एक वर. त्यांच्या जागी वरचा वारा झटक्याने खाली येतो. तोपर्यंत फुगा जमिनीवर परत येऊन गुंडाळून झालेला हवा. म्हणून उड्डाण साडेसहाला, आणि फारच झालं तर पावणेआठला. त्यानंतर नाही.

मी हे सगळं बैठकीत मराठीत सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. पत्रिकेवर साडेसहा छापलेलंच होतं. पण आपल्याकडे पत्रिकेवरची वेळ ही आंघोळीला जायची वेळ असते, हे पायलटला मी सांगायला हवं होतं.

त्या काळात आजोबांनी फार मन लावून तयारी केली. उतरताना टोपली आपटते किंवा आडवी होते, तेव्हा गुडघे वाकवायचे, पाठ टेकवायची, आतली दोरीची कडी दोन्ही हातांनी धरायची आणि काही झालं तरी सोडायची नाहीत, असं पायलटने शिकवलं होतं. आजोबा दिवाणखान्यात गादीवर पडून त्याचा सराव करत. कड्यांच्या जागी सोफ्याचे पाय धरत. तुमची आई अभ्यास सोडून बघायला येत असे.

रविवारी पहाटे साडेपाचला आम्ही मैदानावर होतो. पान हलत नव्हतं. पायलटने बांबूच्या टोकाला बांधलेली कापडाची पट्टी सरळ खाली लोंबत होती. त्याच्या दोन माणसांनी ते अवाढव्य कापड जमिनीवर पसरलं, वेताची टोपली त्याच्या तोंडाशी आडवी केली आणि मागे जीपला दोराने बांधली. सव्वासहाला सगळं तयार. पायलट म्हणाला, अशी सकाळ वर्षातून चार वेळा मिळते.

साडेसहा झाले. बँडवाले आले. सात झाले. मंचापुढे सतरंजी अंथरली गेली आणि तिच्यावर पाहुण्यांसाठी सोफे लावले गेले. जीप सोफ्यांच्या आणि मंचाच्या आड येत होती, म्हणून कोणीतरी दोर सोडून ती बाजूला नेली. साडेसातला निरोप आला की पाहुणे निघाले आहेत. कुठून निघाले ते निरोपात नव्हतं.

बरोबर आठला पायलट माझ्याकडे आला. पट्टीचं टोक किंचित उचललं जात होतं. तो म्हणाला, "त्यांना सांगा, आजचं संपलं. उशीर झाला असं नाही सांगायचं. संपलं."

मी मंचाकडे गेले. अध्यक्ष, सभासद, चारपाचशे माणसं, आणि मधोमध नव्या सफारीतले तुमचे आजोबा. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, "वारा जरा वाढलाय. पायलट म्हणताहेत, थोडं बघावं लागेल."

आता कळलं दुसरं कारण? आपल्याकडे नाही कोणी सरळ म्हणत नाही. मुलगी पसंत नसली तर पत्रिका जुळत नाही म्हणतात, देणगी द्यायची नसली तर घरात विचारून सांगतो म्हणतात. समोरचा समजून घेतो. मी आयुष्यभर शाळेत अचूक भाषांतर शिकवलं, आणि ज्या दिवशी ते खरोखर करायचं होतं त्या दिवशी अठ्ठावीस वर्षांच्या संसाराकडे बघून ते गुळमुळीत केलं. परत आल्यावर पायलटने विचारलं, समजलं ना त्यांना? मी हो म्हणाले.

तो कापड गुंडाळायला लागला तेव्हा अध्यक्षांनी मला सांगितलं, की पसरलेलं राहू द्या, लोकांना निदान बघू तरी द्या. त्याने जरा विचार केला आणि मान डोलावली. सिलिंडरच्या चाव्या मात्र बंद केल्या आणि बर्नर पेटवायचं यंत्र खिशात टाकलं.

पाहुणे दहाला दहा मिनिटं कमी असताना आले. हार झाले, शाली झाल्या, नारळ झाले. आजोबांनाही एक शाल मिळाली, मोरपंखी, जरीकाठाची. भाषणात पाहुणे म्हणाले की व्यापाऱ्यांनी वाऱ्याची दिशा ओळखली पाहिजे. टाळ्या पडल्या. मागे बांबूवरची पट्टी फडफडत होती, ती कोणी बघत नव्हतं.

पायलटकडे वाऱ्याची परीक्षा करायला छोटे लाल फुगे होते. सोडायचे आणि ते कुठे, किती वेगाने जातात ते बघायचं. निदान डोळ्यांनी तरी बघतील, म्हणून एक फुगा त्याने पाहुण्यांच्या हाती दिला. अध्यक्षांनी लगेच त्याला फीत बांधली आणि पाहुण्यांनी ती कापून उद्घाटन केलं. फुगा कडुनिंबाच्या शेंड्यापर्यंत सरळ गेला, तिथे कोणीतरी चापट मारल्यासारखा आडवा झाला आणि रेल्वे लाइनच्या दिशेला दिसेनासा झाला. बँड वाजला. मैदानभर टाळ्या.

"पहा, गेला ना वर?" अध्यक्ष मला म्हणाले. "लहान जाते तं मोठ्याले काय होते? वहिनी, त्याले सांगा, दोर बांधून ने म्हना. दोर असल्यावर कायले भेव?"

मी हे सांगितलं तेव्हा पायलटने पहिल्यांदा आवाज चढवला. मोकळा फुगा वाऱ्याबरोबर जातो, त्याला वारा लागतच नाही. बांधलेला फुगा मार खातो. दोराने भीती जात नाही, वाढते. या वेळी मी शब्दन् शब्द नीट सांगितला. उपयोग नव्हता. दोर बांधल्यावर वस्तू सुरक्षित होते, हे तिथल्या प्रत्येकाला गाईबैलांपासून माहीत होतं.

"आठ वाजता तर बघू म्हने," अध्यक्ष म्हणाले, "आता काऊन भेऊन राह्यला? पायलट हाय का मास्तर?"

मास्तर हा शब्द आजोबांच्या वर्मी लागला. ते तडक टोपलीकडे गेले आणि त्या आडव्या टोपलीत शालीसकट उताणे जाऊन पडले, सरावात पडत तसेच, गुडघे वर, दोन्ही हातांत कडी. त्यांचा हिशेब असा, की कार्यवाह आत बसल्यावर पायलटला माघार घेता येणार नाही. लोक हसले, शिट्ट्या वाजल्या. पायलट मंचाच्या पायरीवर जाऊन बसला. न पेटलेला फुगा कुठे जाणार, असं त्याला वाटलं असावं.

मी टोपलीपाशी जाऊन वाकले. "अहो, उतरा. त्याने आठलाच नाही म्हटलं होतं."

"तू तर बघू म्हणालीस."

"मी खोटं बोलले."

चष्म्यातून त्यांनी माझ्याकडे बघितलं. मला अजून वाटतं, आणखी एक मिनिट मिळालं असतं तर ते उतरले असते. तेवढ्यात अध्यक्षांच्या जिनिंगमधल्या मेकॅनिकने हवा भरायचा पेट्रोलचा पंखा सुरू केला. गडी हुशार होता, पहिल्या झटक्यात सुरू झाला. कापड हलायला लागलं, माणसाच्या उंचीइतकं फुगलं, मग दुप्पट. पायलट उठून ओरडत धावला, पण बँडपुढे त्याचं कोणाला ऐकू येत नव्हतं.

मैदानाच्या कडेला पाचोळ्याची एक वावटळ उठलेली मला दिसली. आमच्यापर्यंत यायला तिला पाच-सहा सेकंद लागले असतील. तिने मला तोंडावर पाडलं आणि त्या अर्धवट फुगलेल्या कापडाचं शीड केलं. जीप मंचाच्या पलीकडे होती. टोपली निघाली. आजोबांना घेऊन ती सतरंजीवरून घसरत गेली, एक कनात फाडली आणि सोफ्यांच्या रांगेत घुसली. पाहुणे वयाच्या मानाने फार चपळ निघाले. पायलट कापडावर झेपावला आणि त्याने तांबडा दोर ओढला. त्या दोराने फुग्याची टाळू उघडते. सगळं हुस्स करून खाली बसलं.

आजोबा तीस पावलांवर सापडले. पाठ टेकलेली, गुडघे वाकलेले, उजवा हात कड्यात. म्हणून वाचले. डावा हात मात्र त्यांनी वाटेत सोडला होता, कारण शाल उडत होती. शाल वाचली. मनगट दोन ठिकाणी मोडलं.

संघटनेच्या इतिवृत्तात पायलटच्या अननुभवामुळे कार्यक्रमात किंचित व्यत्यय आला असं लिहिलं गेलं. ते आजोबांनी लिहिलं नाही, त्यांचा लिहायचा डावा हात प्लास्टरमध्ये होता. पण त्यावर त्यांनी उजव्या हाताने सही केली. अध्यक्ष दवाखान्यात येऊन म्हणाले, "सर, तुमी तं उडालेच." आणि आजोबा खूश झाले.

दोन दिवसांनी मी पायलटला स्टेशनवर सोडायला गेले. तो म्हणाला, की चूक त्याची होती, कापड त्याने आठलाच गुंडाळायला हवं होतं; लोकांना वाईट वाटू नये म्हणून त्याने एक गोष्ट कबूल केली आणि तिथून सगळं सुरू झालं. मी म्हणाले, असं मनाला लावून घेऊ नका. त्याचा नकार मी पोचवलाच नव्हता, हे मात्र सांगितलं नाही. गाडी नेहमीप्रमाणे उशिरा आली, म्हणजे मला पाऊण तास मिळाला होता. आजोबांनीही ते पुढे कधी काढलं नाही. तेव्हा आम्हा दोघांबाहेर कोणाला हे आज पहिल्यांदाच सांगते आहे, आणि तेही तुम्ही एका अनोळखी माणसाला भित्रा म्हणालात म्हणून. पाच मिनिटांत नाही म्हणून तो मोकळा झाला. त्याला दुभाषी लागला नाही, हे तुमचं नशीब. तक्रार आजच्या आज काढून टाका.

जाताना आमच्या पायलटने तो बांबू माझ्या गच्चीवर लावून दिला होता. पट्टी मी दर दोन-तीन वर्षांनी बदलते. वही आता अकरावी चालू आहे. मोरपंखी शाल ट्रंकेत आहे, कसरीने थोडी खाल्ली आहे. आजोबा आहेत. त्यांचं डावं मनगट पूर्ण वळत नाही, पेला उजव्या हाताने उचलतात.