माळा उतरवलेल्या घरातली पंगत

रंगूनच्या जुन्या पेठेतल्या त्या इमारतीत लग्न होऊन आल्यापासून न्वे यीची एकच हौस होती. भिक्खूंना आपल्या घरी जेवायला बोलवायचं आणि त्यांच्यामागून पाहुण्यांच्या पंगती उठवायच्या. पण घर म्हणजे नुसता बोळ. पुढं सज्जा, मागं मोरी, आणि मधल्या उंच खोलीत सासऱ्यांनी ठोकलेला लाकडी माळा. त्यावर घरातली माणसं निजायची. खाली भिक्खू बसवायचे आणि त्यांच्या डोक्यावरून बायकापोरांचे पाय? कोण येईल असल्या घरात?

म्हणून पंगत व्हायची ती थोरल्या नणंदेकडं. तिला सगळे अमाजी, म्हणजे थोरली ताई, म्हणायचे. दॉ टिन शानचं घर गावाबाहेर, ऐसपैस. न्वे यी तिथं दिवसभर राबायची आणि नणंद पाहुण्यांना सांगायची, आमच्या भावजयीचं घर म्हणजे काडेपेटी, एक काडी बाहेर काढावी तेव्हा दुसरी आत जाते.

मुली लग्न होऊन गेल्या, माळ्यावर नुसती अडगळ उरली. बाजारात बटणं-लेस विकणाऱ्या न्वे यीनं एके सकाळी नवऱ्याला सांगून टाकलं, माळा काढायचा. को थेइन कुरकुरला, वडिलांच्या हातचा आहे.

"तुम्हीपण वडिलांच्याच हातचे," ती म्हणाली. "म्हणून काय जागचं हलायचंच नाही?"

सुतारानं फळ्या उतरवल्या आणि घरानं छाती फुगवून श्वास घेतला. वर सागवानी तुळया दिसल्या, सज्ज्याच्या दारावरच्या रंगीत काचा मोकळ्या झाल्या. भिंत खरवडता खरवडता जुना हिरवा रंग लागला, तोच तिनं धरला. मधली आडभिंत पाडली. मेणकापड सोलल्यावर खाली नक्षीची फरशी निघाली, ती चिंचेनं घासून लख्ख केली. माळ्याच्याच फळ्यांचा पुढं बुटका ओटा करवला, भिक्खूंनी बसायचा. जेवणाची गोल बैठी मेजं भिंतीला टांगायची सोय केली. विहारात जाऊन आमंत्रणही देऊन आली.

पंगतीच्या आदल्या सकाळी नणंद बघायला आली. भिंती बघितल्या, ओटा बघितला, मग मान वर केली. वरच्या मजल्यावर कुणाची तरी पोरं धडधडत पळत होती.

"छान केलंस गं," दॉ टिन शान म्हणाली. "माळा पाडलास. आता वरचे दोन मजले कधी पाडतेस?"

न्वे यीच्या तोंडचं पाणी पळालं. इमारतीत वर दुसरी बिऱ्हाडं असली म्हणून भिक्खू सहसा खळखळ करत नाहीत, हे तिला माहीत होतं. पण नणंद हेच वाक्य भरल्या पंगतीत बोलणार, हेही माहीत होतं. ती जिना चढून मरियम बी शिंपिणीकडं गेली. उद्या सकाळी पोरांना जरा एका जागी बसवशील का, असं तिनं चाचरत विचारलं.

"पोरं कसली बसतायत, दॉ न्वे," मरियम बी म्हणाली. "खाली एवढं जेवण, आम्हाला बोलावणं नाही. मग आम्ही पाय आपटायचे कुठं? आमच्याच घरात ना?"

न्वे यीला हसू फुटलं.

"सगळे या," ती म्हणाली. "दाराला कुलूप लावून या."

तशीच ती आणखी वर गेली, फुलवाल्या सेल्वीकडं. तिथंही तेच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी भिक्खू अनवाणी जिना चढून आले आणि ओट्यावर बसले. खाली फरशीवर वरचे दोन्ही मजले मांडीला मांडी लावून बसलेले. सेल्वीच्या सासूपासून शिंपिणीच्या तान्ह्यापर्यंत एकजणही वर राहिला नव्हता. आधी ज्या बोळात चार माणसं अडखळायची, तिथं अख्खी इमारत मावली. नणंद उशिरा आली. दारातच थबकली, छताकडं बघून तिनं कान दिला. वर चिडीचूप.

थोरल्या भिक्खूंनी विचारलं, एवढी माणसं कुठली?

"वरची आहेत, भन्ते," न्वे यी हात जोडून म्हणाली. "आज सगळ्यांना खाली घेतलंय."

थोरले भिक्खू हसले.

दुपार व्हायच्या आत भिक्खूंचं जेवण आटोपलं. मग भिंतीवरची मेजं उतरली आणि माशाच्या रश्शातल्या शेवयांची पातेली बाहेर आली. दॉ टिन शान अजून उभीच. बसायला वीतभर जागा नव्हती.

"सरका गं पोरींनो," मरियम बी ओरडली, "अमाजींना टेकू द्या."

नणंद बसली. न्वे यीनं तिच्या वाडग्यात रस्सा ओतला आणि विचारलं, "आणखी वाढू, अमाजी?"

"वाढ," दॉ टिन शान म्हणाली. "आणि पुढच्या वर्षी मला आधी सांग. मी लवकर येऊन जागा धरीन."