देवाजी सोनकुसऱ्यांचा डावा कान

मनोहररावांना देवाजी सोनकुसरे कितपत ठाऊक होते, असं कुणी विचारलं तर 'फारसे नाहीत' हेच खरं उत्तर द्यावं लागेल. नागपुरातल्या महाल भागात, एका गल्लीत दोघांची दारं समोरासमोर होती, तीही नऊ वर्षं. पण देवाजी खुद्द उमरेडचे की उमरेडजवळच्या एखाद्या खेड्यातले, हे मनोहररावांनी कधी विचारलं नाही. देवाजींच्या बायकोचं नाव जनाबाई होतं, हे तर त्यांना तिच्या तेरवीचं बोलावणं आलं तेव्हा कळलं. मनोहरराव खापरखेड्याच्या वीज केंद्रात कारकून. सकाळच्या बसनं जायचे, दिवेलागणीला परत यायचे. चार माणसांत तोंड उघडायचं म्हटलं की ते बाजूला सरकायचे. त्यामुळे इथे जे सांगायचं आहे ते बरंचसं खिडकीतून पाहिलेलं, आणि थोडंसं संत्र्याच्या एका बागेत घडलेलं.

देवाजी विणकर होते. साठी उलटली तरी दिवसभर मागावर बसायचे. खटखट थांबली की गल्लीला कळायचं, देवाजी आता रुपरावच्या पानठेल्यावर जाणार. उंच, काटक माणूस. पटका जरा डावीकडे ओढून बांधलेला, कारण डावा कान अर्धाच होता. वरचा अर्धा मुंबईला राहिला होता, वाघाच्या पोटात.

तरुणपणी देवाजी घरी न सांगता मुंबईला पळून गेले होते. मिलमध्ये काम मिळेना, म्हणून एका सिनेमा कंपनीत लागले. मुक्या सिनेमाचे दिवस. नायकाचं अंग सांभाळायचं असे, म्हणून उडी, आग, जनावर यांच्यासमोर दुसरंच कुणी उभं राहायचं. ते दुसरं कुणी म्हणजे देवाजी. पाठीमागून त्यांचा बांधा नायकासारखा दिसायचा.

"छप्पर नव्हतं तिथं," देवाजी पानाला चुना लावता लावता सांगायचे. "उन्हातच सारं काम. वाघ सोडायचा म्हणलं की कॅमेरावाला पिंजऱ्यात जाऊन बसे, आतून कडी लावे अन् हँडल फिरवे. आमी बाहेर, वाघ बाहेर. आता तूच सांग गा रुपराव, जनावर कोण होतं?"

"अन् कान?"

"हां, तेच सांगून राहिलो. वाघानं झेप घेतली. मी म्हणलं, ये बाप्पा, तू बी उपाशी अन् मी बी उपाशी. धरला त्याले अस्सा! दोघं लोळलो मातीत. शेवटी त्यानं कान घेतला, मी त्याच्या मिशीचा केस घेतला. हिसाब बराबर."

"मागच्या खेपेले तं बिबट होता, देवाजी," रुपराव म्हणायचा.

"चाळीस वर्सं झाले लेका, वाढणार नाही का तो?"

सगळा ठेला हसायचा. देवाजीही हसायचे. पण खोटं बोलतात असं कुणी म्हणत नसे, कारण कान समोर होता. किंवा नव्हता. मनोहरराव आपल्या खिडकीत उभे राहून ही गोष्ट निदान वीस वेळा ऐकून होते आणि दर वेळी त्यांना ती तितकीच आवडे.

एकाहत्तरच्या जानेवारीत एक हिंदी सिनेमा कंपनी नागपूरला आली. काटोल रस्त्यावरच्या एका संत्र्याच्या बागेत त्यांचा तळ होता. त्यांना इकडच्या ठेवणीची लुगडी हवी होती, म्हणून त्यांचा एक माणूस महालात फिरत देवाजींच्या मागापाशी आला. लुगडं घेऊन निघताना त्याला देवाजींची नात प्रेमिला दिसली. अठरा वर्षांची, आजोबांसारखीच उंच. तो माणूस तिच्या मागे जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "अरे, ये तो बिलकुल हमारी हिरोइन है! पीछे से."

काम सोपं होतं. विहिरीवर नायिका पाणी भरत असते, झाडीतून बिबट येतो. त्या दोन मिनिटांसाठी नायिकेच्या जागी प्रेमिलानं पाठमोरं उभं राहायचं. बिबट सर्कशीतला होता, माणसाळलेला.

प्रेमिलाची आई, म्हणजे देवाजींची सून गोपिका, स्वयंपाकघरातून हातात लाटणं घेऊनच बाहेर आली. "मामाजी, तुमचा एक गेला. माह्या पोरीचे मले दोन्ही पायजेत."

"मी सोबत जातो ना वं," देवाजी म्हणाले. "त्या काळी कोणाले काही समजे नाही. आता सारं शिकलेले लोकं आहेत."

प्रेमिलानं तर रात्रीतच मैत्रिणींना सांगूनही टाकलं होतं. शेवटी गोपिकानं होकार दिला, पण एका अटीवर: सोबत समोरचे मनोहरराव पाहिजेत, कारण कंपनीचे कागद वाचायला शिकलेला माणूस हवा. मनोहररावांना नाही म्हणता आलं नाही. त्यांना कुणालाच नाही म्हणता येत नसे.

त्या सकाळी प्रेमिलानं मागावरून कालच उतरलेलं हिरवं लुगडं नेसलं. कंपनीनं नेलेल्या लुगड्याचाच तो जोड. सोनकुसऱ्यांच्या घरात पहिल्या कामाला कोरं वस्त्र लागे. पाण्यात न बुडवलेलं, खळीचं, नेसताना कागदासारखं कुरकुरणारं. लग्न असो, परीक्षा असो, नवा माग मांडायचा असो, वस्त्र कोरंच. देवाजींनीही खांद्यावर कोरं उपरणं घेतलं होतं. गल्लीतली पंधरावीस माणसं ट्रक करून मागोमाग आली, रुपराव ठेला बंद ठेवून आला. वाटेतल्या वाटेत प्रेमिलाची सर्वांनी इतकी थट्टा केली की बाग येईपर्यंत तिचे गाल दुखायला लागले.

कागद मनोहररावांनी वाचला. इजा झाल्यास कंपनी जबाबदार नाही, असं त्यात होतं. त्यांनी तो दोनदा वाचला, देवाजींना समजावून सांगितला. देवाजी म्हणाले, "आमच्या टायमाले तं कागद बी नव्हता," आणि पिंजरा पाहायला निघाले. जुन्या धंद्यातला माणूस म्हणून त्यांना तेवढा मान हवा होता.

पिंजऱ्यात पिवळाधमक बिबट पाय पसरून पडला होता. शेजारी सर्कशीचा उस्ताद विडी ओढत बसला होता. देवाजींनी त्याला विचारलं, "खाता क्या है?"

उस्ताद अभिमानानं म्हणाला, "गोश्त का तो नाम नहीं जानता, चाचा. बच्चा था तब से चावल का मांड और दूध. गाय है, गाय."

देवाजींचा चेहरा एकदम उतरला. त्यांनी मनोहररावांचं मनगट धरलं आणि त्यांना झाडांच्या रांगेआड नेलं.

"मनोहरराव, मांड म्हंजे पेज."

"हो."

"आमी सुताले खळ कायची देतो? भाताच्या पेजेची. पोरगी पेजेत बुडून उभी आहे तिथं."

मनोहररावांना कळेना. मग देवाजींनी खाली मान घालून भराभरा सांगितलं. मुंबईला झेप वगैरे काही नव्हती. वाघही नव्हता. म्हातारा, अर्धे दात पडलेला बिबट होता. मांस महाग म्हणून आणि भातानं जनावर मवाळ राहतं म्हणून मालक त्याला पेजभात घालायचा. देवाजींचं ते सिनेमातलं पहिलं काम. बापानं विणलेलं कोरं उपरणं मुंबईला पळून जाताना त्यांनी सोबत नेलं होतं, ते त्यांनी त्या दिवशी गळ्याभोवती गुंडाळलं. बिबट आला तो शेपटी हलवत, लाडानं. उपरणं चाटायला लागला. मग मान चाटली. जीभ म्हणजे कानस. कातडं सोललं गेलं, रक्त आलं, आणि रक्ताची चव लागल्यावर ते जनावर भाताचं राहिलं नाही.

"लढलो बिढलो काही नाही, भाऊ. ताटातल्या भातावानी बसून होतो मी. कॅमेरावाला पिंजऱ्यातून हसून राहिला होता. जनाबाईलेबी हे सांगितलं नाही कधी." त्यांनी रुपराव आणि मंडळी बसली होती तिकडे पाहिलं. "तुमी सांगा त्या साहेबाले. तुमी शिकलेले, तुमचं ऐकंल तो. माहं नाव नका घेऊ. असंच सांगा, का कुठं वाचलं होतं."

मनोहरराव निघाले. पन्नास पावलांचं अंतर. वाटेत त्यांनी वाक्य जुळवलं, हिंदीत केलं, पुन्हा मराठीत केलं. दिग्दर्शक कर्णा तोंडाला लावून कुणाला तरी झापत होता. मनोहरराव त्याच्या बाजूला जाऊन उभे राहिले. हात शाळेतल्यासारखा अर्धा वर गेला. एका पोऱ्यानं तो पाहिला आणि त्यांच्या हातात चहाचा कप दिला.

"लो साब."

मनोहरराव म्हणाले, "थँक्यू." आणि चहा प्यायला लागले.

चहा भलताच गरम होता. टाकवेना आणि पिववेना. तेवढ्यात शिट्टी झाली. प्रेमिला घागर घेऊन विहिरीकडे चालू लागली, उस्ताद पिंजऱ्याच्या दाराकडे. मनोहररावांनी मागे वळून पाहिलं. देवाजी झाडाखालून त्यांच्याकडे आणि त्यांच्या कपाकडे पाहत होते.

देवाजींनी फार वेळ पाहिलं नाही. ते सरळ चालत कॅमेऱ्यासमोर आले आणि दोन्ही हात वर केले.

"रोको! जनावर मत खोलो! पोरी, मागं हो."

"कौन है ये बुड्ढा?" दिग्दर्शक ओरडला.

"मैं इसका आजोबा. और मेरेकू मालूम है, कायले के आधा कान मेरा गया है." मग सगळ्यांसमोर, अर्धं हिंदीत अर्धं मराठीत, त्यांनी सगळं सांगितलं. म्हातारा बिबट, पेजभात, उपरणं, चाटणं. काही वगळलं नाही. कॅमेरावाला हसला होता, हेही नाही.

ट्रकमधून आलेल्या मंडळींत कुणीतरी फिसकन हसलं आणि सगळी बाग हसायला लागली. दिग्दर्शकालाही हसू आलं. उस्ताद मात्र चिडला. "मेरा जानवर ऐसा नहीं है, चाचा. कपड़ा कौन खाता है?"

देवाजींनी खांद्यावरचं कोरं उपरणं काढलं, पिंजऱ्याजवळ गेले आणि त्याचं टोक गजांतून आत सोडलं.

बिबट उठला. आळस देत जवळ आला. हुंगलं, डोळे मिटले आणि चाटायला लागला, तान्ह्या लेकरानं आईचा पदर चोखावा तसा. हसू अजून चालूच होतं. "बघा, गाय आहे," कुणीतरी म्हणालं. तेवढ्यात त्यानं पंजा ठेवून मान एकदाच झटकली. देवाजींनी हात सोडला म्हणून हात वाचला. उपरण्याच्या चिंध्या होऊन आत पडल्या होत्या, आणि घशातून येणारा आवाज गाईचा नव्हता.

आता कुणी हसत नव्हतं. दिग्दर्शकानं कर्णा खाली ठेवला आणि देवाजींसाठी खुर्ची आणवली.

त्यानं काम रद्द करायची तयारी दाखवली, पण प्रेमिलाच म्हणाली, "आबाजी, एवढे लोकं आले ट्रकनं. तुमी सांगा कसं करायचं, मी उभी राहीन." मग देवाजींनी सांगितलं तसं झालं. लुगडं बागेच्या पंपाखाली तीनदा धुतलं, पाणी पांढरं यायचं थांबेपर्यंत. उन्हात वाळवलं. बिबटाला आधी पोटभर जेवू घातलं. विहिरीचा कठडा त्याच्या आणि प्रेमिलाच्या मध्ये ठेवला, साखळी उस्तादाच्या हातात, ती दिसू नये म्हणून पालापाचोळा टाकलेला. दुपारी चारला काम झालं. बिबट आला, प्रेमिलाकडे ढुंकूनही न पाहता झाडाखाली बसला आणि त्यानं मोठी जांभई दिली. सिनेमात ती जांभई डरकाळी म्हणून वापरली आहे.

परतीच्या ट्रकमध्ये सगळे गाणी म्हणत होते. देवाजी एका कोपऱ्यात बसले होते. रुपराव सरकत त्यांच्याजवळ आला.

"चाळीस वर्सं वाघ पोसला गा, देवाजी. अन् एका दिवसात सोडून देला."

"खात होता लेका तो लय," देवाजी म्हणाले.

रुपरावनं त्यांच्या हातात पान ठेवलं. घरी पोचल्यावर गोपिकानं आधी प्रेमिलाचे दोन्ही कान चाचपले, मग सासऱ्यांच्या पाया पडली. पुढे सिनेमा लागला तेव्हा अख्खी गल्ली बघायला गेली, आणि प्रेमिलाची पाठ दिसताच एवढा गलका झाला की पुढच्या रांगेतले लोक उठून मागे पाहायला लागले. देवाजी पुन्हा ठेल्यावर बसायला लागले. आता गोष्ट खरीच सांगायचे. फक्त बिबटाचे दात वर्षभरात पुन्हा उगवायला लागले होते.

मनोहररावांना मात्र तो चहा गिळवत नव्हता. देवाजींनी त्यांना कधी बोल लावला नाही. दारात भेटले की पूर्वीसारखंच "निघाले का?" विचारायचे. माफी मागायचं वाक्य मनोहररावांनी बसमध्ये कितीदा तरी जुळवलं. मग पुढच्या वर्षी त्यांना खापरखेड्याच्या वसाहतीत क्वार्टर मिळालं. सामान बैलगाडीवर चढवलं. आज सांगायचंच, असं ठरवून ते समोरच्या दारात गेले. देवाजी मागावरून उठून बाहेर आले, एक हात कमरेवर ठेवून गाडीवरच्या सामानाच्या दोऱ्या ताणून पाहू लागले.

"देवाजी," मनोहरराव म्हणाले. "त्या दिवशी बागेत..."

"हे दोरी ढिली आहे," देवाजी म्हणाले, आणि त्यांनी ती सोडून पुन्हा आवळून बांधली. "बडकस चौकात खोदून ठेवलं आहे. कोतवालीकडून काढा."

"बरं."

"अन् पोचले का आधी चूल पेटवजा, मंग सामान लावजा."

"हो. येतो मग."

"या."