सहा जणांची कंबर

नाशिकजवळच्या एका लष्करी रुग्णालयात माझी बदली झाली तेव्हा मी मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्ये कॅप्टन होते. वय एकतीस. खांद्यावर तीन स्टार, डोक्यात त्याहून जास्त. नाती विचारतात, आजी, तेव्हा तू कशी होतीस? मी सांगते, कडक इस्त्री केलेली लांडोर.

सकाळी साडेसातला सिक परेड. ज्या जवानाला काही दुखतंय, त्याने युनिटच्या वहीत नाव लिहून ओपीडीत हजर व्हायचं. मी तक्रार ऐकून नोंद करायची, मेजर साहेबांनी तपासून औषध लिहायचं, मी गोळ्यांच्या पट्टीवर तारीख टाकून द्यायचं. गर्दी असली की माझी नोंद पाहूनच सही व्हायची. त्याचा मला फार तोरा होता.

मार्चमध्ये एकाच तोफेवरचे जवान कंबर धरून येऊ लागले. आधी दोघे, मग चौघे, महिन्याभरात सहाच्या सहा. त्यांचा प्रमुख, म्हणजे तोफेचा नंबर वन, हवालदार दत्तू गावित. पेठ तालुक्याकडचा माणूस, बुटका, शांत. तो एकदाही आला नाही. सहा कमरा एकदम गेल्या आणि सातवी ठणठणीत. एखाद्या शेंबड्या पोरालाही शंका आली असती. कॅप्टन मॅडमनी लेक्चर ठेवलं.

विषय, वजन कसं उचलावं. मी स्वतः खोकं उचलून दाखवलं आणि सगळ्यांसमोर तोल जाऊन मागच्या मागे धपकन बसले. कोणी हसलं नाही, शिस्तच तशी. मग गावित पुढे आले आणि तेच खोकं फुलासारखं उचललं. मी म्हटलं, "बघा. याला म्हणतात टेक्निक."

ते टेक्निक नव्हतं, ते मला नंतर कळलं. वर्षभरापूर्वी गावितांच्या मणक्याला मार बसला होता. जालीम वेदनाशामक गोळ्या पंधरा दिवसांसाठी मिळाल्या. पंधरा दिवस संपले, गोळ्यांची गरज संपली नाही. ते पुन्हा दाखवायला आले असते तर मेडिकल कॅटेगरी, म्हणजे तंदुरुस्तीचा दर्जा, खाली गेली असती आणि नायब सुभेदार होणं हुकलं असतं. म्हणून सहा जणांनी कंबर दुखत असल्याचं सोंग घेतलं आणि मिळालेल्या गोळ्या त्यांना दिल्या. फौजेत बिस्किटाचेही सात तुकडे होतात. यांनी सहा वाटे एका माणसाला दिले. पुढे गावितांना झोप लागेना, तर झोपेच्या गोळ्याही तशाच आल्या.

एप्रिलमध्ये तोफांच्या फायरिंगचा सराव होता. सकाळी अकरा चाळीसला अँब्युलन्सचा निरोप आला.

"हीट कॅज्युअल्टी एक. दहा मिनिटांत पोहोचतो. ओव्हर."

मेजर साहेब ऑपरेशन थिएटरमध्ये होते. मी बर्फ, ओल्या चादरी, सलाइन तयार ठेवलं. माणूस यायच्या आधीच माझं निदान पक्कं, उष्माघात. गावितांना खाली घेतलं तेव्हा ओठ निळसर होते. मी ऑक्सिजन लावला आणि चादरी घातल्या. अंग तापलेलं नव्हतं. मला वाटलं, बर्फाचा गुण आला.

अकरा अठ्ठावनला मेजर साहेब आले. त्यांनी पापणी वर केली. बाहुली टाचणीच्या टोकाएवढी.

"कॅप्टन, डोळे पाहिले होते?"

"नाही सर."

"श्वास मोजले?"

मी मोजले. मिनिटाला पाच.

जालीम वेदनाशामकाच्या अतिमात्रेवरचा उतारा टोचला. श्वास सुधारला, पुन्हा मंदावला. पोटात आणखी काय आहे ते कळणं गरजेचं होतं. सहा जण दारात रांगेत उभे होते. साहेबांनी विचारलं, याने काय घेतलंय? सगळ्यांची नजर समोरच्या भिंतीवर. "हीट, सर," नाईक शेळके म्हणाला. साहेबांनी पुन्हा विचारलं. पुन्हा हीट. नंबर वनचं प्रमोशन दोन महिन्यांवर आलं होतं. मॉनिटरच्या ठोक्यांमधलं अंतर लांबत चाललं होतं.

बारा अकराला शेळकेने खिशातून गोळ्यांच्या दोन रिकाम्या पट्ट्या काढून माझ्या हातावर ठेवल्या. "दुखण्याच्या आणि झोपेच्या, दोन्ही सोबत घेतल्या, मॅडम. सकाळी. किती ते माहीत नाही."

एका पट्टीवर तारीख लिहिलेली होती. अक्षर माझं.

एक वाजून पाच मिनिटांनी हवालदार गावित गेले.

दुसऱ्या दिवशी पेठपलीकडच्या त्यांच्या पाड्यावर शवपेटीबरोबर ते सहा जण आणि मी गेलो. वाटेत शेळके म्हणाला, घरी हार्ट म्हणून सांगू या, मॅडम. मी हो म्हटलं. त्याला नंबर वनची इज्जत वाचवायची होती. मला कोणाची, ते मी स्वतःला विचारलं नाही.

सगळं आटोपल्यावर त्यांची बायको यमुना आतून पत्र्याचा डबा घेऊन आली. आत त्याच पट्ट्या. दर सुट्टीला धनी थोड्या ठेवून जायचे, म्हणाली. मिलिटरीचं औषध लय भारी, पाड्यावर कोणाचं काय दुखलं की ती एखादी द्यायची. कोपऱ्यात म्हातारा सासरा गुडघे पोटाशी घेऊन बसला होता.

"मॅडम, बाबाला कालधरनं झोप नाय. एक दिली. आणखी दोन देऊ का?"

सहाही जण माझ्याकडे पाहत होते. शेळकेने मान किंचित हलवली. नको, अशी.

मी तिच्या हातातून डबा काढून घेतला. "ताई, हार्ट नव्हतं. या गोळ्यांनीच गेले ते."

तिने डब्याकडे बोट केलं.

"मंग तुमी दिल्याच कशाला?"

पुढे चौकशीत मला बरेच प्रश्न विचारले गेले. सगळ्यांची उत्तरं दिली. अंत्यविधीच्या त्याच संध्याकाळी आम्ही पाड्यावरच्या घराघरात जाऊन मागितल्या तेव्हा आणखी एकोणीस गोळ्या निघाल्या.

आता मी नाशिकमध्ये कॉलनीत राहते. विरजण मागावं तशी शेजारीण येते, काकू, तुमच्या गुडघ्याच्या ऑपरेशनच्या गोळ्या उरल्या असतील ना, दोन द्या की. मी तिला बसवते, चहा ठेवते आणि गावितांचं सांगते. लढाईत गेलेल्यांची नावं दगडावर कोरतात. त्यांचं कुठे कोरलेलं नाही. हवालदार दत्तू गावित, तोफेचा नंबर वन, वय अडतीस. कंबर त्यांची एकट्याचीच दुखत होती.