सलीमभाईंच्या बाहीवरचा लाल डाग

ही गोष्ट मी कित्येक वर्षं टाळली. बायकोलाही सांगितली नाही. दीड महिन्यापूर्वी अंबाजोगाईहून सलीमभाई मिस्त्रींच्या मुलीचा फोन आला, "चाचा, अब्बा गेले." हातातला चहा तसाच खाली ठेवला. माणूस गेल्याचं दुःख होतंच; पण त्यांच्याशी जे बोलायचं होतं ते आता कुणाशी बोलू, हे कळेना...

नेकनूरजवळच्या एका जमीनदारांकडे मी तीस वर्षं ड्रायव्हर होतो. त्यांच्या वडिलांच्या वेळची एक लांबलचक परदेशी गाडी आहे. तिला क्लच नाही, गिअर तिचे तीच बदलते. भावकीतल्या वराती तिच्यातूनच निघतात. तिच्या गिअरबॉक्सचं लाल तेल गळू लागलं. दोन मिस्त्र्यांनी मागचं सील बदललं, तरी थेंब थांबेना. तेव्हा मी ती सलीमभाईंकडे नेली. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, "बाबूराव, हिला डाव्या पायाचं कामच न्हाई. उद्यापासून डावा पाय घरी ठिवून येत जा."

त्यांनी पाना हातात घेतला नाही. आधी गाडीचं पोट रॉकेलनं धुतलं, पुसून कोरडं केलं आणि त्यावर चक्क अंगाला लावायची पावडर मारली. मग मला रस्त्यावर एक फेरी मारून आणायला लावली. परत आल्यावर हातबॅटरी पेटवून ते खाली शिरले आणि मलाही शेजारी झोपवलं. पांढऱ्या पावडरीवर लाल रेघ उमटली होती, पुढून मागं गेलेली. "तेल पडतंय तिथून गळत नसतंय. वाऱ्यानं मागं जातंय. लोक डाग बघून सील बदलत्यात, मी रेघ धरून वर जातो." रेघ गिअरच्या दांड्याजवळच्या एका रबरी कडीपाशी थांबली. बोटाच्या पेराएवढी कडी. ती बदलली. त्यानंतर तीन दिवस गाडीखाली पांढरी चादर अंथरली. रोज सकाळी तिच्यावर एकही थेंब नसायचा. निघताना चादर त्यांनी मलाच दिली आणि एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली : गिअरबॉक्समधलं तेल मोजायची पट्टी बघायची ती गाडी गरम झाल्यावर, इंजिन चालू ठेवून. थंडपणी ती कमीच दाखवते.

पुढच्या महिन्यात मालकांच्या पुतण्याची वरात होती. सलीमभाईंनाही आमंत्रण होतं. सकाळी माझ्या मनात भीती शिरली... आज गळलं तर? मी थंड गाडीची पट्टी काढली. ती कमी दिसली. त्यांचं बजावणं आठवलं. पण गाडी तापवत बसायला वेळ नव्हता, म्हणून एक लिटर तेल ओतून मोकळा झालो. वरात मुंगीच्या पावलानं चाललेली, वर ऊन. जास्तीचं तेल तापून फेसाळलं, वरच्या भोकातून बाहेर आलं आणि सायलेन्सरवर पडलं. धूर झाला. नवरदेवाला उतरून चालत जावं लागलं.

मालक सगळ्यांदेखत ओरडले, "सलीम, हेच का तुझं काम?"

सलीमभाई पाहुणा म्हणून आले होते, अंगात पांढराशुभ्र कुर्ता. ते पुढं आले आणि इंजिन चालू ठेवून त्यांनी पट्टी ओढली. तेल खुणेच्या वर चार बोटं होतं, मी मागून पाहिलं. त्यांनी माझ्याकडं एकदा बघितलं. मालक दोन पावलांवर होते. सलीमभाईंनी ती पट्टी आपल्या बाहीला पुसली आणि परत जागेवर घातली. "बघून घेतो साहेब," एवढंच म्हणाले. मी तिथंच उभा होतो. नोकरीच्या भीतीनं उभा होतो.

त्यानंतर मालकांची आणि त्यांच्या भावकीतली एकही गाडी सलीमभाईंकडं गेली नाही. "सलीमचं काम गळकं" हे बोलणं लग्नालग्नांतून फिरलं. जुन्या गाड्यांचं काम सुटलं, ते मोटारसायकली दुरुस्त करू लागले. म्हणून आज लिहून ठेवतो, आणि माझे मालक हे वाचतील हे जाणून लिहितो : त्या कामात काडीची चूक नव्हती. तेल मी ओतलं होतं.

शेवटची भेट अंबाजोगाईच्या दवाखान्यात झाली. आता सांगायचंच असं ठरवून गेलो होतो. ते खूप वाळले होते. मी म्हणालो, "सलीमभाई, त्या वरातीच्या दिवशी..."

"गाडी कशी हाय?" त्यांनी मधेच विचारलं.

"गळत नाही."

"कशाला गळंल? पट्टी गरम झाल्यावरच बघता ना?"

"हो."

"मग झालं तर." त्यांनी डोळे मिटले. मी शुक्रवारी येतो म्हणून उठलो. शुक्रवार यायच्या आत फोन आला.

नोकरी सुटली, तरी मी रोज सकाळी मालकांच्या शेडमध्ये जातो. गाडीखालची चादर ओढून बघतो. धुऊन धुऊन ती विरली आहे, पण कोरी असते. घडी घालताना ते वाक्य तोंडात येतं. दवाखान्यात भेटायला गेलो त्या दिवशी नेकनूरपासून अंबाजोगाईपर्यंत एसटीत मी तेच घोकत गेलो होतो : सलीमभाई, चूक माझी होती, मला माफ करा.